विजेच्या तारेतून जाणारा निरोप आणि तारेतली खरखर
— ऊस विकास विभाग



आपल्या कार्यक्षेत्रात ठिबकवरचा ऊस वाढतो आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. ठिबकाच्या पाठोपाठ शेतावर आता कंट्रोलर आले, आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह आले, मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आले, सौर पंप आले. त्याबरोबर एक नवी तक्रारही गट कार्यालयात ऐकू येऊ लागली आहे. "कंट्रोलरवर पाळी झाली म्हणून दिसतं, पण तिसऱ्या प्लॉटला पाणीच गेलं नाही." "मोटर चालू असली की व्हॉल्व्ह ऐकत नाही, मोटर बंद केली की बरोबर ऐकतो." "सौर पंप बसवला आणि ओलाव्याचं यंत्र काहीही आकडे दाखवू लागलं."

अशा वेळी आपण यंत्राला दोष देतो, दुकानदाराशी भांडतो, नाहीतर "हे आपल्याकडचं काम नव्हे" म्हणून सगळे सोडून पुन्हा हाताने व्हॉल्व्ह फिरवू लागतो. पुष्कळदा यंत्र चांगले असते. बिघाड असतो तो तारेतल्या खरखरीचा. विजेचे काम आमच्या विभागाचे नव्हे, पण उसाच्या पाण्याचा प्रश्न आमचाच आहे. म्हणून ही खरखर म्हणजे काय, ती कोठून येते आणि तिच्यावर शेतकऱ्याच्या हातात काय उपाय आहे, हे येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

तार एक, कामे दोन

विजेच्या तारेतून वीज जाते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच तारेतून निरोपही पाठवता येतो, हे पुष्कळांना नवल वाटेल. पण ही युक्ती नवी नाही. परळी वैजनाथला किंवा कोणत्याही मोठ्या उच्चदाब उपकेंद्राजवळून जाताना नीट पाहा. काही तारांच्या तोंडाशी मोठ्या पिंपासारखी एक गुंडाळी टांगलेली किंवा उभी केलेली दिसते. आत जाणारी सगळी वीज तिच्यातून जाते. तिला लाइन ट्रॅप म्हणतात. चंद्रपूरहून परळीकडे येणाऱ्या ४०० के.व्ही.च्या वाहिन्या घ्या की जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणाऱ्या २२० आणि १३२ के.व्ही.च्या वाहिन्या घ्या. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राला बोलण्यासाठी वीज मंडळाने अनेक वर्षे ह्याच पद्धतीचा उपयोग केला. टेलिफोन नसलेल्या काळात उपकेंद्रातला ऑपरेटर दुसऱ्या उपकेंद्राशी बोलायचा, आकडे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जायचे, आणि वाहिनीवर दोष आला तर पलीकडच्या टोकाचा ब्रेकर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाडण्याचा हुकूमही तारेतूनच जायचा.

हे जमते कसे? आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. निरोपाची लाट त्याच तारेवर स्वार होते, पण ती सेकंदाला हजारो वेळा हेलकावते. उच्चदाब वाहिन्यांवर हा आकडा साधारण २४ हजारांपासून ५ लाखांपर्यंत असतो. हेलकावे वेगळे असल्यामुळे पलीकडच्या टोकाला दोन्ही निवडून वेगळे करता येतात, जसे चाळणीने खडे आणि दाणे वेगळे करावेत तसे.

परदेशात हीच युक्ती घरोघर नेली गेली. फ्रान्समध्ये रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी तापवण्याचे बंब चालू करण्याचा इशारा अनेक दशके विजेच्या तारेतूनच, सेकंदाला १७५ हेलकाव्यांच्या लाटेने दिला जाई. इटलीमध्ये २००१ सालापासून पुढच्या पाच-सहा वर्षांत तीन कोटींहून अधिक घरांत असे मीटर बसले, की जे आपला आकडा तारेतूनच जवळच्या डीपीपर्यंत पाठवतात. तेथून पुढे तो मोबाईलच्या जाळ्यातून जातो. म्हणजे तारेवरचा प्रवास काही शे मीटरचाच. युरोपात ९५ हजार हेलकाव्यांपर्यंतचा पट्टा वीज कंपन्यांच्या अशा निरोपांसाठी राखून ठेवलेला आहे.

बांध आणि फुटका पाट

लाइन ट्रॅपचे काम समजले की पुढचे सगळे समजते. तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर हे दोघे एकमेकांच्या उलट स्वभावाचे आहेत. थोडा हिशेब करून पाहू.

एक मिलिहेन्रीची गुंडाळी घेतली, तर ५० हेलकाव्यांच्या विजेला तिचा अडथळा फक्त ०.३ ओहम असतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. तीच गुंडाळी ५० हजार हेलकाव्यांच्या लाटेला सुमारे ३१४ ओहमचा अडथळा करते. म्हणजे वीज पुढे जाते आणि निरोप अडतो. शेतातल्या बांधासारखेच हे काम आहे. निरोप उपकेंद्राच्या यंत्रसामग्रीत वाहून जाऊ नये म्हणून हा बांध घातलेला असतो.

आता कपॅसिटर. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हेलकाव्यांना सुमारे ३१८ ओहमचा अडथळा करतो, पण ५० हजार हेलकाव्यांना फक्त ०.३ ओहमचा. म्हणजे निरोपाच्या लाटेला तो फुटक्या पाटासारखा आहे. आलेले सगळे तेथेच निघून जाते. आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीला बसवलेला कपॅसिटर साधारण ह्याच मापाचा असतो. तो काढून टाकावा असा याचा अर्थ मुळीच नाही. कपॅसिटरमुळे तारेवरचा भार कमी होतो, डीपीचा ताप कमी होतो, मोटरीला दाब बरा मिळतो. तो असलाच पाहिजे. पण ज्या तारेवर दहा-पंधरा मोटरी आणि त्यांचे कपॅसिटर लटकलेले आहेत, त्या तारेतून बारीक निरोप पाठवणे अवघड का जाते, हे यावरून ध्यानात यावे.

खरखर म्हणजे काय?

जुन्या सभासदांना आठवत असेल. आकाशवाणी परभणीचे शेतीविषयक कार्यक्रम ट्रान्झिस्टरवर ऐकत बसावे आणि शेजारच्या विहिरीवर कोणी मोटर टाकली की रेडिओ "खर्रर्र" करायचा. ती खरखर म्हणजे तारेवर नको असलेल्या लाटांची गर्दी. रेडिओवर ती कानाला ऐकू यायची. कंट्रोलरला कान नाहीत, पण गर्दी तीच आहे. तिचे प्रकार साधारण असे:

१) एकदम येणारा झटका. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर बसतो किंवा सुटतो तेव्हा त्याचे टोक क्षणभर उड्या मारते आणि ठिणग्या पडतात. वीज कडाडली तरी लांबवरच्या तारेत असाच झटका येतो. झटका थोडा वेळ टिकतो पण जोरदार असतो.

२) विजेच्या तालावर येणारी खरखर. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिवे मंद करणारी बटणे अशी उपकरणे विजेच्या प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याला एकदा, म्हणजे सेकंदाला बरोबर १०० वेळा झटका देतात.

३) स्वतःच्या तालावर येणारी खरखर. मोबाईलचे चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि सौर पंपाचे कंट्रोलर यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. सौर पंपाची मोटर फिरवणारा कंट्रोलर तर दाब एका मायक्रोसेकंदाहून कमी वेळात शून्यावरून शेकडो व्होल्टवर नेतो. एवढ्या घाईच्या उड्या ज्या पट्ट्यात पडतात, त्याच पट्ट्यात निरोपही चालतात.

४) सततची कुरकुर. ब्रशवर चालणाऱ्या ड्रिल, मिक्सर यांसारख्या मोटरी, वेल्डिंग, धूळ बसलेले चिनीमातीचे इन्सुलेटर, सैल जंपर यांची ही देणगी. उच्चदाब वाहिनीखालून भुरभुर पावसात जाताना जो चरचर आवाज येतो तोही ह्यातलाच. पावसाळी हवेत तो वाढतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही खरखर वीज कंपनीच्या केंद्रातून आपल्याकडे येते असे आपण धरून चालतो. वास्तविक तिच्यातली बरीचशी आपल्याच आखाड्यावर किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवर जन्म घेते. म्हणून तिच्यावरचा उपायही बराचसा आपल्याच हातात आहे.

निरोप बिघडतो कसा?

कंट्रोलरचा निरोप म्हणजे एक आणि शून्य यांची माळ. समजा यंत्र सेकंदाला २,४०० मणी पाठवते. म्हणजे एका मण्याला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. कॉन्टॅक्टर बसताना पाच मिलिसेकंद ठिणग्या पडल्या, तर सलग बारा मणी धुऊन निघतात. एक अक्षर आठ मण्यांचे. म्हणजे एका खटक्यात दीड अक्षर गेले. "व्हॉल्व्ह ३ उघड" ह्या हुकुमातले दीड अक्षर गेले तर काय राहिले?

चांगल्या यंत्रात यावर तोड असते. आपल्या काट्याची पावती आठवा. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि निव्वळ उसाचे वजन, असे तीन आकडे तिच्यावर असतात. पहिल्यातून दुसरा वजा करून तिसरा आला नाही, तर कोठेतरी चूक आहे हे कोणालाही कळते आणि पावती परत जाते. तसेच निरोपाच्या शेवटी एक ताळा जोडलेला असतो. ताळा जुळला नाही तर व्हॉल्व्ह तो हुकूम मानत नाही. मग कंट्रोलर पुन्हा हुकूम पाठवतो, आणि व्हॉल्व्हकडून "मिळाला" अशी पोच येईपर्यंत पाठवीत राहतो. आणखी एक तोड म्हणजे निरोप एकाच लाटेवर न टाकता अनेक लाटांवर वाटून टाकणे. एका सरीत ढेकूळ आडवे आले तरी बाकीच्या सऱ्यांतून पाणी टोकाला पोचते, त्यातलाच प्रकार.

स्वस्तातल्या यंत्रांत यातले काहीच नसते. ते हुकूम एकदा सोडते आणि काम झाले असे पडद्यावर दाखवते. "कंट्रोलर म्हणतो पाळी झाली, पण सरी कोरडी" या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. यात नुकसान दुहेरी आहे. भर वाढीच्या दिवसांत एक प्लॉट दोन-तीन पाळ्या उपाशी राहिला तर कांड्या आखूड राहतात आणि ते तोडणीच्या वेळी काट्यावर दिसते. उलट बाजूने, मोटर चालू आणि एकही व्हॉल्व्ह उघडला नाही, तर दाब वाढून पाइप किंवा जोड फुटतो.

मोठ्यांनी काय केले?

वीज पारेषणातही तारेवरच्या निरोपाचा भार आता पुष्कळसा दुसरीकडे गेला आहे. मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या तारेच्या पोटात काचेचा धागा घालतात आणि निरोप प्रकाशाने जातो. काचेतल्या प्रकाशाला विजेची खरखर बाधत नाही. महावितरणचे नवे मीटरही मुख्यतः मोबाईल किंवा रेडिओ लहरींवरून आकडे पाठवणारे आहेत. (केंद्राच्या २०२१ च्या योजनेतील प्रीपेड मीटरमधून कृषिपंप वगळलेले आहेत, हे सभासदांच्या माहितीसाठी येथेच सांगून ठेवतो.) यातून घेण्यासारखा धडा एवढाच, की तार आयती मिळाली म्हणून निरोप फुकट जात नाही. तार गोंगाटाची असेल तर वेगळी वाट करून देणे स्वस्त पडते.

आपल्या शेतावर कोठे अडते?

दोन तारांची व्हॉल्व्ह पद्धत. हिच्यात कंट्रोलरपासून एकच दोन पदरी केबल सगळ्या शेतातून फिरते. तिच्यातून व्हॉल्व्हला लागणारी कमी दाबाची वीजही जाते आणि हुकूमही जातो. केबल वाचते, पण ही केबल मोटरीच्या केबलबरोबर एकाच चारीत पुरली तर मोटरीची खरखर तिच्यात उतरते.

सौर पंप. पंतप्रधान कुसुम योजनेतून आणि 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतून आपल्या भागात हे पंप पुष्कळ बसले. दिवसा पाणी मिळते, रात्रीचे हेलपाटे व विंचूकाट्याची भीती टळते, हा फार मोठा फायदा आहे. मात्र कंट्रोलरपासून बोअरमधल्या मोटरीपर्यंतची लांब केबल ही खरखरीची मोठी उगमजागा आहे, हे ध्यानात ठेवून बाकीची यंत्रे बसवावीत.

मोबाईल स्टार्टर. याचा निरोप हवेतून जातो, तारेतून नाही. तरी त्याला चालायला लागणारी वीज त्याच तारेची असते. खरखर तेथून आत शिरली की तो उगाच "फेज नाही" किंवा "विहीर कोरडी" असे सांगून मोटर पाडतो.

आपली काळी जमीन. अर्थिंग हा खरखरीला जमिनीत सोडण्याचा मार्ग. पावसाळ्यात काळी जमीन ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम लागते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून माती सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. तीच जमीन फुगताना-आकसताना पुरलेल्या केबलचे जोडही ओढते. पावसाळ्यात बरोबर चालणारे यंत्र उन्हाळ्यात का फसते, याचे एक कारण हे आहे.

सभासदांनी काय करावे?

१) निरोपाची केबल आणि मोटरीची केबल वेगळ्या चाऱ्यांत पुरावी. दोन्हींत किमान एक फूट अंतर ठेवावे, जास्त असेल तितके चांगले. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. शेजारी शेजारी लांबवर नेऊ नये.

२) निरोपासाठी पीळ दिलेली दोन पदरी केबल वापरावी. पीळ दिला की दोन्ही पदरांत खरखर सारखीच शिरते आणि टोकाला परस्पर वजा होते. उरलेसुरले केबलचे तुकडे जोडून काम भागवू नये.

३) सौर पंपाचा कंट्रोलर शक्य तितका बोअरजवळ असावा. पुरवठादाराकडे खरखर अडवणारा फिल्टर आणि केबलवर चढवायचे फेराइटचे कडे यांची मागणी करावी.

४) अर्थिंगची सळई खोल व ओलाव्यात असावी. उन्हाळ्यात तिच्याभोवतीची भेग बुजवून आठवड्यातून एकदा घागरभर पाणी घालावे. अर्थिंगची तार आखूड व सरळ असावी, वेटोळी करू नये.

५) कंट्रोलरची वीज आणि मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवे यांची वीज एकाच पट्टीवरून घेऊ नये.

६) लाईट आल्याबरोबर एकाच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. तो सर्वांत गोंगाटाचा क्षण. म्हणून व्हॉल्व्हचा पहिला हुकूम दोन-तीन मिनिटांनंतरच जाईल असे कंट्रोलरमध्ये लावून घ्यावे.

७) ठिबकाच्या मुख्य लाइनवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. निरोप चुकला तरी पाइप फुटणार नाही.

८) खरेदीपूर्वी पुरवठादाराला चार प्रश्न विचारावेत: हुकुमाची पोच परत येते का? पोच न आल्यास यंत्र किती वेळा प्रयत्न करते आणि चुकलेली पाळी दाखवते का? वीज गेल्यास व्हॉल्व्ह उघडा राहतो की बंद होतो? मोटर चालू असताना प्रत्यक्ष चाचणी करून देणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. मोटर बंद ठेवून केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

खरखर शोधण्याचा घरगुती उपाय

महागड्या यंत्राची गरज नाही. घरात जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर असेल तर तो काढावा. त्यावर जेथे कोणतेही केंद्र लागत नाही, अशा डाव्या टोकाच्या जागी काटा ठेवावा. मग एकेक उपकरण चालू-बंद करत कंट्रोलरजवळ, स्टार्टरजवळ, केबलच्या कडेने फिरावे. ज्या उपकरणाने खरखर उठते ते गुन्हेगार. निरोपाचा पट्टा आणि रेडिओचा पट्टा तंतोतंत एक नसला, तरी झटके व ठिणग्या सर्वच पट्ट्यांत पसरतात, म्हणून हा उपाय लागू पडतो. मात्र सर्व फिरणे जमिनीवरून करावे. डीपीला, खांबाला किंवा उघड्या तारेला हात लावू नये.

ह्याच फेरीत आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. सगळी उपकरणे बंद असताना केवळ खांबाजवळ किंवा डीपीजवळ रेडिओ तडतडत असेल, तर तेथे सैल जंपर, झिजलेला जोड किंवा फुटका इन्सुलेटर असण्याचा संभव आहे. म्हणजे तेथे ठिणगी पडते आहे. ती निरोप तर बिघडवतेच, पण खाली वाळलेला पाला आणि तोडणीला आलेला ऊस उभा असतो. तारेच्या ठिणगीने उभा फड पेटला की वर्षाची कमाई तासाभरात जाते आणि जळिताच्या उसाची घाईने तोड करावी लागते. तेव्हा अशी तडतड ऐकू आल्यास स्वतः खांबावर न चढता लाइनमनला कळवावे, १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा, आणि आपल्या गट कार्यालयालाही सांगावे. आम्ही फडाची नोंद घेऊन पाठपुरावा करू.

ठिबक संचावर कंट्रोलर बसवू इच्छिणाऱ्या सभासदांनी केबलच्या चाऱ्या खणण्यापूर्वी ऊस विकास विभागाशी संपर्क साधावा. मोटर, बोअर, कंट्रोलर व व्हॉल्व्ह यांच्या जागा कागदावर आखून घेऊ. चारी एकदा बुजली की चूक दुरुस्त करायला उभ्या उसातून खणावे लागते, आणि ते कोणालाच परवडत नाही.